अनोळखी नंबर उचलू नका

फ्रीजला इंटरनेट कशाला हवं, हा प्रश्न वेंडेल सालमेलाने हॅनकॉक गावात इतक्या जणांना विचारला होता की तो दुकानात शिरला की लोक आधीच सांगून टाकायचे, "नाही रे बाबा, आमचा फ्रीज अजून मुकाच आहे." वेंडेल हसायचा नाही. शाळेत उभी हयात भौतिकशास्त्र शिकवलेला माणूस. पोरांच्या विनोदांवर न हसण्याची सवय अंगात मुरलेली होती.

निवृत्त झाल्यावर त्याने गावच्या साप्ताहिकात 'कडी-कोयंडा' नावाचं सदर सुरू केलं. मोबाइल, टीव्ही, दारावरच्या कॅमेऱ्याच्या घंट्या, हाक मारली की उत्तर देणारी डबडी, सगळ्यांवर त्याची मतं ठाम होती आणि ती तो दर गुरुवारी बिनदिक्कत मांडायचा. पासवर्ड खुशाल कागदावर लिहून ठेवा, तुमच्या स्वयंपाकघरातला कागद चोरायला कुणी समुद्र ओलांडून येत नाही. फुकटचं वायफाय म्हणजे रस्त्यात पडलेलं सँडविच, कितीही भूक लागली तरी उचलू नये. जो टीव्ही तुमचं बोलणं ऐकतो त्याच्यासमोर नवराबायकोने भांडू नये. आणि सगळ्यात वरचं, महिन्याआड या ना त्या निमित्ताने येणारं: अनोळखी नंबर उचलू नका. उचललात तर विश्वास ठेवू नका.

लोक चिडवायचे, पण वाचायचे. कॉफीच्या दुकानात एल्मर नावाचा त्याचा जुना मित्र म्हणायचा, "वेंडेल, तुझं वाचून मी बायकोचासुद्धा फोन उचलत नाही आता."

"तो नंबर ओळखीचा आहे," वेंडेल म्हणायचा.

"म्हणूनच उचलत नाही."

त्याचा शब्द न शब्द खरा मानणारं एकच माणूस होतं, त्याची धाकटी बहीण व्हर्ना. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा डॅरिल जवळच, कालव्यापलीकडे होटनला राहायचा, एका यंत्रशाळेत काम करायचा. चाळिशी उलटलेला, बायको सोडून गेलेली. मधे काही वर्षं दारूत गेली होती, एकदा पिऊन गाडी चालवताना पोलिसांनी धरलंही होतं. पण आता चार वर्षं थेंबाला शिवला नव्हता. वेंडेलने लग्न केलं नव्हतं. रविवारी चर्चनंतर तिघं व्हर्नाकडे जेवायचे. ती वेलची घालून पाव भाजायची आणि डॅरिल त्यातला अर्धा एकटा संपवायचा.

व्हर्ना एकदा फसता फसता वाचली होती. बँकेतून बोलतोय म्हणून कुणा गोड गळ्याच्या माणसाने तिच्याकडून नको ती सगळी माहिती काढून घेतली. बँकेने वेळेत रोखलं, गेलं काहीच नाही. पण वेंडेलने तिला जे झापलं ते तिला जन्मभर पुरण्यासारखं होतं. "मी दर आठवड्याला लिहितो ते कुणासाठी लिहितो? भिंतीसाठी? माझीच बहीण असली वेंधळी, तर गावाला कुठल्या तोंडाने सांगू?"  ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून व्हर्नाने धुतलेलाच कप परत धुतला होता.

मग माणसाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करणारी यंत्रं आली. नातवाच्या, लेकाच्या आवाजात रडून म्हाताऱ्यांना लुबाडल्याच्या बातम्या यायला लागल्या. वेंडेलने रविवारच्या जेवणात नियम घालून दिला. घरातला एक शब्द ठरवायचा. अनोळखी नंबरावरून कुणी मदत मागितली तर आधी तो शब्द विचारायचा. सांगता आला नाही तर फोन कापायचा. मग त्या माणसाच्या नेहमीच्या नंबरावर आपण फोन करून खात्री करायची.

"शब्द कुठला?" डॅरिलने तोंडात पाव असतानाच विचारलं.

व्हर्ना म्हणाली, "हेलुना." त्यांच्या वडिलांच्या गोठ्यातल्या शेवटच्या गाईचं नाव. डॅरिल लहान असताना तिच्या पाठीवर बसायचा.

"आई, मी मरायला टेकलो असलो तरी आधी गाईचं नाव विचारणार तू?"

"हसू नकोस," वेंडेल म्हणाला. "आवाज तुझाच असेल, हुंदका तुझाच असेल, आणि माणूस तू नसशील. व्हर्ना, ऐकतेयस ना? पोराचा आवाज ऐकून विरघळायचं नाही."

तेवढ्यावर तो थांबला नाही. महिन्याभराने त्याने एल्मरला तिला फोन करायला लावला. एल्मर घोगऱ्या आवाजात म्हणाला, "आई, मी डॅरिल, घसा बसलाय, गाडी ठोकली गं." व्हर्ना घाबरून "कुठे लागलं रे बाळा?" म्हणून मोकळी झाली. पुढच्या रविवारी वेंडेलने डॅरिलसमोर तिची चूक परीक्षेची उत्तरपत्रिका वाचावी तशी वाचून दाखवली. "शून्य. गोळा." डॅरिल म्हणाला, "मामा, जाऊ दे ना." पण व्हर्नाचे कान लाल झाले होते. ती म्हणाली, "पुन्हा नाही होणार." आणि फोनशेजारच्या भिंतीवर तिने एक चिठ्ठी चिकटवली: आधी शब्द.

फेब्रुवारीतला तो बुधवार. सकाळपासून सुपीरियर सरोवरावरून बर्फ येत होतं, दुपारनंतर वाराही सुटला. वेंडेल टेबलाशी बसून सदर लिहीत होता. अंक संध्याकाळी छापायला जायचा आणि त्याला विषय सुचत नव्हता. तेवढ्यात व्हर्नाचा फोन आला. आवाजात धाप होती, पण त्यात एक ताठाही होता, जो त्याने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

"वेंडेल, आज आला होता एक."

"कोण?"

"तसला. डॅरिलचा आवाज काढून. नंबर परराज्यातला, विस्कॉन्सिनचा. म्हणे आई, ट्रक खड्ड्यात गेलाय, फोन बंद पडलाय, मला न्यायला ये. मी म्हटलं, शब्द सांग. तर गप्प."

"मग?"

"कापला. परत आला. परत कापला. तिसऱ्यांदा येऊ नये म्हणून तू दाखवलं होतंस तसा तो नंबरच बंद करून टाकला."

"शाब्बास!" वेंडेल खुर्चीतून उठलाच. "शाब्बास, व्हर्ना! डॅरिलला फोन केलास?"

"केला. लागत नाहीये. निरोप ठेवा म्हणतंय."

"कामावर असेल. यंत्रांपाशी फोन नेऊ देत नाहीत त्यांना."

"हं," ती म्हणाली. "वेंडेल, दुसऱ्यांदा फोन आला ना, तेव्हा तो गाईचं काहीतरी म्हणाला. म्हणाला, आई, गाईचं नाव होतं ना ते? आठवत नाहीये गं, डोकं फार दुखतंय."

वेंडेलच्या छातीत काहीतरी हललं. ते त्याला जाणवलं. नंतर कितीही वेळा आठवलं तरी ते जाणवलं नव्हतं, असं त्याला म्हणता आलं नाही. पण तो शिक्षक होता, आणि प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं.

"उन्हाळ्यात तू गोठ्याचा जुना फोटो टाकला होतास ना सगळ्यांना बघायला? गाईसकट? खाली काय लिहिलं होतंस?"

"आमची लाडकी, असं काहीतरी."

"झालं तर मग. हे लोक आधी सगळं वाचून येतात. गाय म्हणून खडा टाकून बघितला. तू नाव सांगून टाकशील असं वाटलं त्याला."

"असं होय," व्हर्ना म्हणाली. मग बारीक आवाजात, "रडत होता रे. अगदी डॅरिलसारखा नाक ओढत होता."

"तेच तर त्यांचं कसब. तू आज पास झालीस बघ. पैकीच्या पैकी."

व्हर्ना हसली. लहानपणी त्याने तिला सायकल शिकवली तेव्हा हसली होती तशी.

फोन ठेवला आणि वेंडेलने आधीचं सगळं खोडून नवं लिहायला घेतलं. शब्द भराभर येत गेले. एका सत्तरीच्या बाईने एका भामट्याला कसं पाणी पाजलं, त्याच्या रडण्याला ती कशी बधली नाही. शेवटी त्याने लिहिलं, "ही बाई माझी बहीण आहे, आणि मला तिचा अभिमान आहे." संपादक लॉइसने लगेच कळवलं की या वेळचं झकास झालंय, पहिल्या पानावर घेते.

गुरुवारी सकाळी अंक घरोघर पडला. त्याच वेळी यंत्रशाळेतून व्हर्नाला फोन आला: डॅरिल आजारी आहे का? काल ऑन्टोनागन गावाला एक सुटा भाग आणायला गेला तो परत आला नाही, आज कामावरही नाही.

व्हर्नाने वेंडेलला फोन केला तेव्हा ती फक्त त्याचं नाव घेत होती. "वेंडेल. वेंडेल."

"भलतंसलतं मनात आणू नकोस," तो म्हणाला. आणि बूट न बांधताच गाडीकडे धावला.

डॅरिलच्या दारापुढचं बर्फ गुडघाभर, पाऊल न उमटलेलं. त्याची मांजर आतून काचेवर पंजे घासत होती. वेंडेल तिथून तडक शेरीफच्या पोलीस कचेरीत गेला. वाटेतच व्हर्नाला फोन करून तिच्या फोनवरचा तो विस्कॉन्सिनचा नंबर त्याने कागदावर उतरवून घेतला होता. तिथल्या तरुण बाईने, डेप्युटी होती ती, त्याच्यासमोरच तो फिरवला आणि आवाज मोठा ठेवला.

पलीकडून एक बाई बोलली. नाव तमारा, ग्रीन बेला राहते, काल ऑन्टोनागनच्या रस्त्याने घरी परत जात होते म्हणाली. "हो हो, मीच दिला होता त्याला फोन. पेट्रोलपंपापाशी भेटला, पंप वादळामुळे बंद झाला होता. ट्रक मागे कुठेतरी खड्ड्यात गेला म्हणाला. कपाळावर हे एवढं टेंगूळ. मी म्हटलं दवाखान्यात सोडते, तर नको. पोलिसांना बोलावू, तर नकोच नको, ते विचारतील प्यायला होतास का. मला काही वास आला नाही हं, पण फार घाबरला होता. मग आईला फोन करतो म्हणाला, तेवढा एकच नंबर पाठ आहे म्हणे."

"पुढे?" डेप्युटीने विचारलं.

"पुढे काय, आईशी बोलला. जरा लांब जाऊन बोलत होता, मला ऐकू आलं नाही. फोन परत देताना म्हणाला, आई निघालीये, अर्ध्या तासात पोचेल, तुम्ही जा, रस्ता खराब होतोय. मी त्याला माझी शाल दिली आणि निघाले." मग तिनेच विचारलं, "का हो? आली ना त्याची आई?"

डेप्युटीने वेंडेलकडे पाहिलं. वेंडेल भिंतीवरच्या नकाशाकडे पाहत होता. नकाशा त्याला वाचता येत नव्हता.

शोधायला बरीच माणसं गेली. बर्फावर चालणारी स्नोमोबाइल घेऊन एल्मर गेला, यंत्रशाळेतली सगळी पोरं गेली. कित्येकांनी सकाळी वेंडेलचं सदर वाचलं होतं, पण त्याला कुणी काही बोललं नाही. पंपापासून आत जंगलात डॅरिलच्या एका मित्राची शिकारीची खोपटी होती. डॅरिल तिकडे चालत निघाला असावा. शुक्रवारी दुपारी तो त्या वाटेवरच सापडला. शाल डोक्याला गुंडाळलेली होती. खोपटीचं छप्पर तिथून दिसत होतं.

व्हर्नाला सांगायला वेंडेलच गेला. ती स्वयंपाकघरात कोट घालून, पर्स मांडीवर घेऊन बसली होती, जणू कुणी न्यायला येणार होतं. त्याने सांगितलं. ती किंचाळली नाही. तिने एवढंच विचारलं, "ज्या बाईचा फोन होता, तिने त्याला एकट्याला कसं सोडलं?"

हे सांगू नये असं वेंडेलला वाटलं. पण कचेरीच्या कागदांत ते येणारच होतं, आणि तिला ते दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं.

"त्यानेच तिला जायला सांगितलं. आई निघालीये म्हणाला."

व्हर्नाने मान डोलावली. डोलावतच राहिली.

"परक्या बाईसमोर माझी लाज राखली त्याने," ती म्हणाली. "आईनेच फोन कापला, असं कसं सांगेल?"

"व्हर्ना, चूक माझी आहे. तू मला विचारलं होतंस. तू गाईचं सांगितलं होतंस."

"हो," ती म्हणाली. तिने त्याला नाही म्हटलं नाही, आणि रागावलीही नाही. ती तर नुसतं आठवत होती. "पहिल्या फोनलाच मला माहीत होतं, वेंडेल. त्याने 'आई' म्हटलं ना, तेव्हाच. आईला कळत नाही होय? पण मी म्हटलं, या वेळी नापास व्हायचं नाही."

अंत्यसंस्कारानंतर चर्चच्या तळघरात कॉफी होती. लोक वेंडेलचा हात हातात घ्यायचे आणि सगळे एकच म्हणायचे. तुझा सल्ला बरोबर होता. हजारांत एकदा असं होतं. तुझ्यामुळे आमची आई वाचली, आमचे काका वाचले. लॉइस म्हणाली, "सदर बंद करू नकोस, वेंडेल. लोकांना गरज आहे."  एल्मरने घोगऱ्या आवाजात केलेला तो फोन त्यालाही आठवत असणार. तो कोपऱ्यात कप धरून उभा राहिला आणि कॉफी गार झाल्यावर तशीच ठेवून निघून गेला.

घरी बसून वेंडेलने नियम पुन्हा पुन्हा तपासला. कुठेतरी चूक असणार, ती सापडली की तिच्यावर बोट ठेवता येईल, गावाला सांगता येईल, हे करू नका. पण कितीही उलटसुलट केलं तरी नियम बरोबरच निघत होता. त्या दुपारी तो भामटाच असता तर व्हर्नाने जे केलं तेच करायला हवं होतं. उद्या दुसऱ्या कुणी विचारलं तर तो तेच सांगेल, याहून वेगळं त्याच्याकडे काही नव्हतंच. सदर त्याने बंद केलं. कारण विचारलं तर म्हणायचा, "मला आता मत नाही."

व्हर्नाने भिंतीवरची चिठ्ठी काढली नाही, तिच्याकडे बघणं सोडलं. बंद करून टाकलेले सगळे नंबर तिने मोकळे केले. आणि ती प्रत्येक फोन उचलायला लागली. दुसऱ्या घंटेच्या आत. अंघोळीला गेली तरी फोन सोबत. दिवसभर तसल्या लोकांचे फोन यायचे: गाडीचा विमा, कॉम्प्युटरमधला किडा, लागलेलं बक्षीस. एकदा उचलणारं माणूस सापडलं की नंबर हातोहात फिरतो, हे वेंडेलने स्वतःच कधीतरी लिहिलं होतं. व्हर्ना सगळ्यांशी बोलायची. त्यांना विचारायची, जेवलास का, तुमच्याकडे थंडी किती आहे. काही जण शिव्या घालून फोन ठेवायचे, काही जण गोंधळायचे. बँकेने वेंडेलला बोलावून सांगितलं की बाईंना समजावा. तो समजवायला गेला तेव्हा ती म्हणाली, "बँकेचं तू बघ. माझी सही हवी तिथे घे. फोनला हात लावायचा नाही." त्याने खात्यावर आपलं नाव घातलं, कार्डं बंद केली. बाकी काही त्याच्या हातात नव्हतं. रोज दुपारी तो येऊन तिच्यासमोर बसायचा. पाव ती आता भाजत नव्हती.

एप्रिलमध्ये एका दुपारी फोन वाजला. बर्फ अजून वळचणीला होतं, चिखलाने काळं झालेलं. व्हर्नाने उचलला. पलीकडून एका पुरुषाचा रडवेला आवाज वेंडेललाही ऐकू आला. "आई? आई, मी बोलतोय. ओळखलंस ना? मी अडचणीत आहे गं."

हा प्रकार वेंडेलला तोंडपाठ होता. असा आवाज नावसुद्धा सांगत नाही, नाव आईच पुरवते. तो अर्धवट उठला. "व्हर्ना, ठेव तो."

"ओळखलं," व्हर्ना फोनमध्ये म्हणाली. "ओळखलं रे. कुठे आहेस?"

"आई, मला अटक झालीये. एक वकील तुझ्याशी बोलेल, तो सांगेल तसं..."

"ते राहू दे. तू आहेस कुठे? मी येते." तिने खांद्याने फोन कानाशी दाबून धरला आणि खुंटीवरचा कोट ओढला. एका बाहीत हात गेला, दुसरी सापडेना. "हललास तर बघ. आहेस तिथेच थांब. कुठला रस्ता ते सांग, बाळा, पाटी दिसतेय का कुठली?"

पलीकडचं रडणं अचानक थांबलं. मग तो आवाज, आता जरा तरुण वाटणारा, म्हणाला, "तुम्ही यायची गरज नाही, बाई."

"येते ना मी! निघालेच आहे. गाडीची किल्ली घेतली बघ. हॅलो?"

ती "हॅलो, हॅलो" करत राहिली. फोनमधून नुसती पीप येत होती, वेंडेलला टेबलापलीकडून ऐकू येत होती.

"कापला," ती म्हणाली.

वेंडेलने जवळ जाऊन तिची मोकळी बाही धरली, कोट उतरवायला. व्हर्नाने हात आखडून घेतला. ती खुर्चीत बसली, फोन मांडीवर ठेवला, आणि कोट तसाच राहू दिला.